अदा कोणाची, छायाचित्र कोणाचे: एका व्यक्तिचित्र-मालिकेचे प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात राहणाऱ्या, चाळिशीतल्या एका छायाचित्रकाराने काही वर्षांपूर्वी बैठकीच्या लावणीतील एका ज्येष्ठ कलावतीची व्यक्तिचित्रे काढली. चार बैठका झाल्या, २१२ फ्रेम निघाल्या, त्यांतल्या ११ निवडून त्यांचे मोठे प्रिंट करण्यात आले आणि एका खासगी कलादालनात ते मांडले गेले. प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी कलावती स्वतः ते पाहायला आल्या. तेथून पुढचे सात महिने जे घडले, त्याची ही नोंद आहे. छायाचित्रकार पूर्वी माझ्या एका कार्यशाळेत येऊन गेलेले असल्यामुळे त्यांनी मला मध्यस्थीसाठी बोलावले, आणि कलावतींच्या भाचीने मला त्या कामात ठेवून घेतले. त्यामुळे मी या प्रकरणात त्रयस्थ होतो असे म्हणणे पूर्णतः खरे होणार नाही. नोंद दोन्ही बाजूंच्या संमतीने लिहिली आहे. ओळख पटू नये म्हणून स्थळे, रकमा आणि काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यांमागची कारणे मात्र जशी होती तशीच ठेवली आहेत.

कलावतींना त्यांच्या पार्टीतले सगळे ‘अक्का’ म्हणतात, म्हणून येथेही तेच नाव वापरतो. साठी उलटलेल्या अक्कांनी आयुष्याची पंचवीसएक वर्षे संगीत बारीत, म्हणजे कलाकेंद्रांत लावणी सादर करणाऱ्या पार्टीत, काढली आणि आता त्या केवळ निमंत्रणावरून बैठका करतात. बैठकीच्या लावणीत कलावती जागची फारशी हलत नाही. एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हटली जाते, आणि प्रत्येक वेळी त्या ओळीतला एखादा शब्द उचलून त्यावर वेगळी अदा केली जाते; डोळे, मनगट, बोटे आणि पदराचा काठ एवढ्यावरच सगळा कारभार चालतो. ज्येष्ठ लावणी कलावती यमुनाबाई वाईकर यांची बैठक ज्यांनी पाहिली आहे त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. ही कला स्थिरचित्रात मावेल, असा अंदाज आमच्या छायाचित्रकाराने बांधला होता आणि तो बरोबर ठरला.

व्यवहार साधा होता. प्रत्येक बैठकीला ३,००० रुपये बिदागी आणि येण्याजाण्याचा खर्च. पहिल्याच दिवशी अक्कांची एका संमतिपत्रावर सही घेण्यात आली. ते इंटरनेटवरून उतरवून घेतलेले, एक पानी, इंग्रजी संमतिपत्र होते आणि त्यात कोणत्याही माध्यमात, कोणत्याही हेतूसाठी, कायमस्वरूपी वापराची परवानगी दिलेली होती. छायाचित्रकाराने त्याचा अर्थ “फोटो छापायला तुमची हरकत नाही, एवढंच लिहिलंय” असा सांगितला. त्यांनी सांगितले ते खोटे नव्हते, फक्त अपुरे होते. अक्कांनी देवनागरीत, कागदोपत्री असलेल्या नावाने सही केली.

बैठकांत प्रत्यक्ष काय घडले

पुढचा सगळा वाद या चार दुपारींत कोणी काय केले यावर उभा असल्यामुळे त्यांचा तपशील जरा सावकाश सांगावा लागेल.

जागा भाचीच्या घरातली होती. उत्तरेकडची एक खिडकी, मागे काळे कापड, आणि सावलीच्या बाजूला उजेड परतवण्यासाठी थर्मोकोलचा पांढरा तुकडा, एवढीच मांडणी होती. ती पूर्णपणे छायाचित्रकाराची. त्यांना ‘उघडा चेहरा’ हवा होता, म्हणजे रंगभूषा नको, दागिने नकोत. अक्कांनी त्यावर घासाघीस केली. “दादा, पावडर पुसते, पण कुंकू आणि नथ राहील,” असे त्या म्हणाल्या आणि तसेच झाले. नऊवारी कोणती नेसायची, पदर कोणत्या खांद्यावर किती उतरवायचा, हे अक्कांनी ठरवले. कॅमेऱ्याकडे पाहायचे की नाही, यावर पहिल्या दिवशी बराच वेळ गेला. छायाचित्रकाराला नजर बाजूला हवी होती. अक्कांचे म्हणणे असे की, बैठकीत एकाच माणसाच्या डोळ्यांत पाहून ओळ म्हणायची असते, आणि इथे तो एक माणूस म्हणजे तुमचे भिंग.

ठेक्याशिवाय अदा येत नाही म्हणून त्यांनी आपल्या जुन्या ढोलकीवाल्यांनाही बोलावून घेतले होते. ढोलकी आणली तर शेजारपाजारचे गोळा होतील, म्हणून ते चौकटीबाहेर सतरंजीवर बसून मांडीवरच ठेका धरत. अक्का ओळ ओठांतल्या ओठांत म्हणत आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना एक श्वासभर अदा धरून ठेवत. छायाचित्रकाराच्या वहीत तिसऱ्या दिवसाची एक नोंद आहे: “मात्रा मोजायला हव्यात. आज पहिल्यांदा वेळेवर पोचलो.” ही वही त्यांनी पुढे आपणहून आमच्या चर्चेत समोर ठेवली, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची बाजू आहे.

चौथ्या दुपारी चहा आला. अक्कांनी नथ काढून बशीत ठेवली, नाकावरचा वळ अंगठ्याने दाबला आणि डोळे मिटले. छायाचित्रकाराने एकदाच शटर दाबले. हे कोणाच्या लक्षातही आले नाही. प्रदर्शनातले सातवे चित्र ते हेच, आणि छायाचित्रकाराच्या मते ते त्यांच्या आजवरच्या कामातले सर्वांत चांगले चित्र आहे.

अडचण

कलादालनात प्रत्येक चित्राखाली ‘अनामिका १’, ‘अनामिका २’ अशी शीर्षके होती. भिंतीवरच्या परिचयात छायाचित्रकाराच्या वाटचालीविषयी तीन परिच्छेद होते आणि अक्कांविषयी “लोककलेतील एक विस्मृत कलावती” एवढाच उल्लेख होता. या विस्मृत कलावतीची बैठक आदल्या महिन्यातच झाली होती.

भाचीने विचारले, “मावशीचं नाव कुठंय?” अक्का फारसे बोलल्या नाहीत. चौथ्या चित्रासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, मग सातव्यासमोर आल्या आणि ते उतरवा म्हणाल्या. दालनाच्या व्यवस्थापकांनी संमतिपत्राकडे बोट दाखवले. तोवर दुसरे आणि सातवे चित्र विकले गेले होते, आणि चौथे चित्र आपल्या कॅलेंडरवर छापण्याची विचारणा एका रेशमी साड्यांच्या दुकानाने केली होती. छायाचित्रकाराने तोंडी होकारही कळवला होता.

पुढच्या आठवड्यात मी अक्कांशी स्वतंत्रपणे बोललो तेव्हा त्यांच्या तक्रारी चार होत्या: नाव, सातवे चित्र, कॅलेंडर आणि पैसे. मी त्या याच क्रमाने लिहून घेतल्या, कारण त्यांनी त्या याच क्रमाने सांगितल्या. छायाचित्रकाराने मात्र पहिल्या फोनवर मला “पैशांचा प्रश्न आहे” असे सांगितले होते. अशा प्रकरणांत समोरच्याची तक्रार आपल्याला सोयीच्या खात्यात टाकण्याची घाई बहुतेकांना होते. या घाईमुळेच एक रक्कम देऊन मोकळे होण्याचा विचार आधी सुचला आणि तो जवळपास अमलातही आला असता.

छायाचित्रकाराची बाजूही नोंदवली पाहिजे. त्यांनी ठरलेली बिदागी वेळेवर दिली होती. ‘अनामिका’ हे शीर्षक त्यांनी काव्यासाठी निवडले होते खरे, पण त्यामागे काळजीही होती: अक्कांची नातवंडे शाळेत आहेत, बारीशी जोडलेले नाव उघड झाल्यास त्यांना त्रास होईल, असे त्यांना वाटले. ते अक्कांना विचारावे, असे मात्र त्यांच्या मनात आले नाही.

कायदा आणि जुने दाखले

आमच्या ओळखीच्या एका वकील स्नेह्यांनी पहिल्याच भेटीत स्थिती स्पष्ट केली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते छायाचित्र घेणारी व्यक्ती. एखाद्याने मोबदला देऊन स्वतःसाठी छायाचित्र काढून घेतले असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिली मालकी त्या पैसे देणाऱ्याची होते. लग्नाचे फोटो काढणाऱ्या अनेक स्टुडिओवाल्यांना हे ठाऊक नसते. येथे पैसे उलट दिशेने, म्हणजे छायाचित्रकाराकडून अक्कांकडे गेले होते, त्यामुळे या तरतुदीचा अक्कांना उपयोग नव्हता. सादरकर्त्यांना या कायद्यात स्वतंत्र हक्क आहेत आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना नाव मिळण्याचा नैतिक हक्कही दिला आहे. मात्र ज्या दृश्यमुद्रणाला हे हक्क लागू होतात, त्याची व्याख्या हलत्या प्रतिमांपुरती आहे. म्हणजे भाचीने मोबाइलवर त्याच अदेचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढला असता, तर अक्का कायद्याच्या नजरेत सादरकर्त्या ठरल्या असत्या, आणि स्थिरचित्रात त्या केवळ विषय उरल्या. ही विसंगती मला आजही पटत नाही.

संयुक्त कर्तृत्वाची तरतूद आहे, पण तिच्यासाठी दोघेही मुळात कर्ते असावे लागतात आणि दोघांची कामगिरी एकमेकांपासून वेगळी काढता येऊ नये, अशी अट आहे. छायाचित्राचा कर्ता म्हणजे घेणारा, असे कायदाच सांगत असताना हा दावा टिकवणे अवघड, असे वकिलांचे मत पडले. प्रतिमेच्या वापराबाबत मात्र अक्कांची बाजू बरी होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल प्रकरणात एखाद्याचे नाव किंवा प्रतिमा त्याच्या संमतीविना जाहिरातीसाठी वा अन्य कारणासाठी वापरणे हा खासगीपणाचा भंग असल्याचे म्हटले आहे, आणि २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. संमतीचा कागद येथे होता. तो समजावून दिला गेला होता का, एवढाच प्रश्न उरत होता.

कायद्यापलीकडे, माझ्या डोक्यात एक जुना अमेरिकन खटला घोळत होता. नेपोलियन सरोनी या न्यूयॉर्कच्या छायाचित्रकाराने १८८२ मध्ये लेखक ऑस्कर वाइल्डची व्यक्तिचित्रे काढली. त्यांतल्या एका चित्राच्या ८५,००० प्रती एका शिळाछाप कंपनीने परस्पर छापल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. छायाचित्र हे यंत्राचे काम, त्याला कर्ता कसला, असा कंपनीचा बचाव होता. १८८४ मध्ये न्यायालयाने सरोनीला कर्ता ठरवले आणि त्यामागची कारणे मोजून सांगितली: त्याने वाइल्डला बसवले, पोशाख व पडदे निवडून मांडले, देहाची सुबक रेषा साधली, उजेड-सावली योजली आणि हवा तो भाव चेहऱ्यावर आणवला. कर्तृत्वाची ही यादी मी छायाचित्रकाराच्या हाती दिली आणि आपल्या चार दुपारींत यांतले कोणते काम कोणी केले, एवढेच समोर लिहायला सांगितले. उजेड-सावली सोडून बाकी बहुतेक कलमांपुढे त्यांना अक्कांचे नाव लिहावे लागले.

मॉडेलने स्वतःच सूत्रे हाती घेतल्याची उदाहरणे काही नवी नाहीत. पॅरिसमध्ये काउंटेस ऑफ कास्तिल्योने हिने १८५६ पासून पुढची जवळपास चार दशके पिएर-लुई पिएरसन याच्याकडून आपली चारशेहून अधिक छायाचित्रे काढून घेतली. वेश, पवित्रा, कॅमेऱ्याचा कोन ती स्वतः ठरवत असे. आपल्याकडे बंगळूरच्या पुष्पमाला एन. आणि क्लेअर आर्नी यांनी २००० ते २००४ या काळात दक्षिण भारतातील स्त्रियांच्या प्रतिमांवर केलेल्या मालिकेत पुष्पमाला कॅमेऱ्यासमोर आणि आर्नी कॅमेऱ्यामागे होत्या, आणि काम दोघींच्या नावाने ओळखले जाते. छायाचित्रकाराला हे उदाहरण माहीत होते. “पण पुष्पमाला कलाकार आहेत,” असे ते सहज बोलून गेले, आणि मग स्वतःच गप्प झाले.

समोर असलेले पर्याय

काहीच न करणे हा पहिला पर्याय होता आणि कागदाच्या बळावर तो शक्यही होता. कलादालनाचा कल तिकडेच होता. दुसरा पर्याय एकरकमी पैसे देऊन नवी सही घेण्याचा. छायाचित्रकार २५,००० रुपयांपर्यंत तयार होते. भाचीला तो मान्य होता, अक्कांना नव्हता, कारण त्याने सातवे चित्र भिंतीवरच राहत होते. सर्व चित्रे मागे घेण्याचा तिसरा पर्याय छायाचित्रकाराने रागाच्या भरात मांडला आणि दुसऱ्या दिवशी मागे घेतला. अक्कांनाही तो नको होता. चौथे चित्र लोकांनी पाहावे, अशी त्यांची इच्छा होती.

चौथा पर्याय कॉपीराइटचा लेखी हिस्सा अक्कांच्या नावे करून देण्याचा. यावर आम्ही सर्वाधिक वेळ घालवला. कायद्यानुसार असे हस्तांतरण लेखी लागते, मुदत न लिहिल्यास ते ५ वर्षांचे आणि प्रदेश न लिहिल्यास भारतापुरते धरले जाते. अडचण पुढच्या काळाची होती: संयुक्त मालकीत प्रत्येक परवानगीला दोघांची सही लागेल, आणि कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकत असल्याने दोन्ही घरांचे वारस त्यात अडकतील. अक्कांनीच तो नाकारला. “माझ्यामागं पोरं कागदावरून भांडतील,” असे त्या म्हणाल्या. उरला पाचवा पर्याय: कॉपीराइट छायाचित्रकाराकडेच ठेवून नाव, विक्रीतला वाटा आणि वापराची परवानगी यांचा वेगळा करार करणे. मात्र सर्व ११ चित्रांना एकच नियम लावायचा की नाही, हे ठरल्याशिवाय करार लिहिता येत नव्हता.

काय केले

मी २१२ फ्रेमचे पोस्टकार्ड आकाराचे प्रिंट दोन संच करून घेतले. एक संच अक्कांना आणि एक छायाचित्रकाराला देऊन त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले आणि तीन ढीग करायला सांगितले: अक्कांनी ठरवून केलेली अदा, छायाचित्रकाराने सांगून करवलेली मुद्रा, आणि नकळत टिपलेले चित्र. दुपार संपताना पहिल्या ढिगात अक्कांचे १४३ आणि छायाचित्रकाराचे ९० प्रिंट होते. ५३ फ्रेमवर मतभेद होता.

मग मी न सुचवताच अक्कांनी ते वादाचे प्रिंट सतरंजीवर पसरले आणि एकेकावर बोट ठेवून ओळीतला शब्द सांगू लागल्या. हा ‘नाही’वरचा. हा ‘आज’वरचा, दुसऱ्यांदा घेतलेला. हा पुन्हा ‘नाही’, पण लटका. छायाचित्रकाराने लॅपटॉप उघडून कॅमेऱ्यात नोंदलेल्या वेळा पडताळल्या. शब्द ओळीतल्या क्रमानेच येत होते. ५३ पैकी फक्त सात ठिकाणी मेळ बसला नाही. ज्या चेहऱ्यांना छायाचित्रकार ‘उत्स्फूर्त हावभाव’ समजत होते, त्यांतल्या बाकीच्या प्रत्येकामागे एक शब्द होता आणि तो त्यांना ठाऊकच नव्हता. माझ्या मते या प्रकरणाचा निकाल तिथेच लागला, जरी सह्या व्हायला आणखी दोन महिने लागले.

परंतु त्याच सतरंजीवर दुसरी गोष्टही उघड झाली. प्रदर्शनातल्या ११ चित्रांत आठ अदा होत्या; त्यांपैकी अक्कांनी स्वतः तीनच निवडल्या असत्या. बाकीच्या पाच त्यांच्या मते कच्च्या होत्या. अदा समेवर पोचण्याआधीच शटर पडले होते. सर्वांच्या पसंतीचे चौथे चित्र तर “असं केलं असतं तर माझ्या आईनं हातावर चापटी मारली असती” या प्रतीचे. अक्कांना पूर्ण झालेली अदा हवी होती, आणि छायाचित्रकाराने जाणूनबुजून तिच्या अलीकडचा क्षण निवडला होता. म्हणजे चित्राचे द्रव्य अक्कांचे आणि निवड छायाचित्रकाराची, आणि त्या चित्राची जादू नेमकी या दोहोंच्या मतभेदात होती. तेव्हा ‘खरा कर्ता कोण’ हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला.

वाट्याच्या बोलणीत अक्का आम्हा सर्वांपेक्षा तरबेज निघाल्या. बारीत मिळकतीचे वाटे कसे पडतात हे त्यांनी उभे आयुष्य पाहिलेले. गाणारीचा, पेटीवाल्याचा, ढोलकीवाल्याचा वाटा ठरलेला असतो. त्या हिशेबात त्यांनी छायाचित्रकाराला साथीदाराच्या जागी बसवले आणि निम्म्याहून अधिक वाटा मागितला. छायाचित्रकाराला हे लागले. आपण कोणाचे साथीदार असू शकतो, हे त्यांनी कधी मनात आणले नव्हते. अखेर दालनाचे कमिशन आणि छपाई-चौकटीचा खर्च वजा करून उरणाऱ्या रकमेतले ४० टक्के अक्कांना द्यायचे ठरले. हा आकडा कोणत्याही तत्त्वातून आलेला नाही, तो घासाघिशीतून आला.

नावाचा निर्णय सर्वांत नाजूक होता. भाचीला पूर्ण नाव हवे होते, तर अक्कांच्या मुलाला, जो नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात असतो, नाव अजिबात नको होते. आम्ही दोघांचे ऐकून घेतले आणि मग ठरवण्याचे अक्कांवर सोडले. त्यांनी बारीतले नाव दिले. आधार कार्डावरचे नाव सरकारचे आणि घरच्यांचे, असे त्यांचे म्हणणे पडले.

सातव्या चित्राचा प्रश्न मात्र या सगळ्या हिशेबाच्या बाहेर राहिला. त्यात अदा नाही, ठरवणे नाही. क्षण छायाचित्रकाराने पाहिला आणि घेतला. कर्तृत्वाच्या मापाने ते सर्वाधिक त्यांचे. परंतु ज्या चित्रात मॉडेलने काहीच घडवलेले नसते, त्यात तिने काही देऊ केलेलेही नसते, आणि म्हणून विचारण्याची गरज तेथेच सर्वाधिक असते. एकाच छापील संमतिपत्राने या दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या होत्या. हे मी ज्या दिवशी छायाचित्रकाराला सांगितले त्या दिवशी त्यांना ते पटले नाही. त्यांनी आठवड्याने फोन केला आणि चित्र उतरवतो म्हणाले. पटल्यामुळे की थकल्यामुळे, ते मी विचारले नाही.

निष्पत्ती

दोन पानी मराठी करार झाला आणि सहीपूर्वी तो मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. आठ अदाचित्रांखाली “अदा व वेश” असे लिहून अक्कांचे बारीतले नाव, आणि त्याखाली “छायाचित्र” असे लिहून छायाचित्रकाराचे नाव, असा उल्लेख सर्वत्र करायचा. अक्का बोलत असताना काढलेली दोन साधी व्यक्तिचित्रे छायाचित्रकाराच्या एकट्याच्या नावाने, अक्कांचा नामोल्लेख ठेवून. त्यांत वाटा नाही. प्रदर्शन आणि पुस्तक यांना परवानगी, जाहिरातीला प्रत्येक वेळी नव्याने विचारायचे. शीर्षकांतून ‘अनामिका’ आणि परिचयातून ‘विस्मृत’ हे शब्द गेले.

कॅलेंडरसाठी अक्कांनी नकार दिला नव्हता. आपण त्या दुकानाची साडी नेसलेली नाही, मग ती नेसल्यासारखे का दाखवायचे, एवढेच त्यांनी विचारले. दुकानदाराने पुढे फोन केला नाही. आधी विकल्या गेलेल्या दुसऱ्या चित्राचा वाटा अक्कांना मागाहून मिळाला. सातव्याच्या खरेदीदाराने प्रिंट परत देण्यास नकार दिला, त्यामुळे ते एका घराच्या भिंतीवर आहे आणि तेथेच राहणार. त्या विक्रीची आपल्याकडे आलेली पूर्ण रक्कम छायाचित्रकाराने अक्कांना देऊ केली. त्यांनी घेतली नाही. “त्या फोटोचे पैसे मला नकोत, तुम्हीही खर्चू नका,” असे त्या म्हणाल्या, आणि माझ्या माहितीप्रमाणे ते पैसे अजून तसेच आहेत.

पहिल्या सहामाहीत अदाचित्रांचे आणखी तीन प्रिंट विकले गेले. ३६,००० रुपयांच्या प्रिंटमागे १४,४०० रुपये कमिशन आणि ६,६०० रुपये खर्च जाऊन १५,००० उरतात, त्यातले ६,००० अक्कांचे. असे १८,००० रुपये त्यांच्या खात्यात जमा झाले.

वेगळे काय करता आले असते

संमतिपत्र पहिल्या दिवशी, चित्रे अस्तित्वात येण्याआधी घेतले गेले. तोवर कोणत्या चित्राला संमती द्यायची आहे, हे कोणालाच माहीत नसते. काढण्याची परवानगी आधी आणि दाखवण्याची परवानगी छोटे प्रिंट समोर ठेवून नंतर, अशा दोन सह्या घेतल्या असत्या, तर सातवे चित्र विकले जाण्यापूर्वीच बाजूला पडले असते. यासाठी एक दुपार आणि छपाईचे काही पैसे, एवढाच खर्च होता. कागद मराठीत हवा होता, हे सांगण्याची गरज नाही.

कलादालनाशी मी उशिरा बोललो. पहिल्या आठवड्यातच विक्री थांबवण्याची लेखी विनंती केली असती, तर सातव्याच्या खरेदीदाराला प्रिंट ताब्यात मिळण्यापूर्वी गाठता आले असते. ती चूक माझी आहे. मी तेव्हा कायद्याची पुस्तके चाळत बसलो होतो.

तसेच, तीन ढिगांची कसोटी मी पुढे आणखी दोन ठिकाणी वापरून पाहिली आणि ती सगळीकडे चालत नाही, हेही नोंदवतो. लहान मुले किंवा पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर बसणारी माणसे यांना आपण काय ठरवून केले हे नंतर सांगता येत नाही. अक्कांना ते आले, कारण त्यांच्याकडे आयुष्यभराची शिस्त होती.

आणि एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नाही. करार झाला, नावे लागली, पैसे वाटले गेले. मग भाचीने सहज सांगितले की पहिल्या १८,००० मधले ३,००० रुपये अक्कांनी त्याच संध्याकाळी ढोलकीवाल्यांकडे पाठवले. चारही दुपारी ज्यांच्या मांडीवरच्या ठेक्यावर प्रत्येक अदा धरली गेली आणि ज्यांच्या मात्रा मोजून छायाचित्रकाराने शटर दाबायला शिकून घेतले, त्यांचे नाव त्या दोन पानांत कोठेही नाही. छायाचित्रकार पुढच्या प्रदर्शनासाठी नव्या नावपट्ट्या छापून घेत आहेत. “ठेका” असा तिसरा शब्द त्यांत घालायचा का, हे अजून ठरायचे आहे.